मृत दात्याचे मूत्रपिंड किती साथ देते?
निपाणीतल्या डायलिसिसच्या रुग्णापुढे प्रत्यारोपणासाठी दोन वाटा असतात, बेळगाव किंवा कोल्हापूर. अवयववाटप मात्र राज्यागणिक वेगळे: कर्नाटकात ‘जीवसार्थकते’ ही संस्था, कोल्हापूरसाठी पुण्याची समिती. 2023 मध्ये केंद्राने नोंदणीसाठी अधिवासाची अट काढण्याचे धोरण जाहीर केले. सीमाभागाला ते फार मोलाचे आहे.

अमेरिकेतल्या नोंदींनुसार मृत दात्यांच्या 100 मूत्रपिंडांपैकी वर्षानंतर 90 हून अधिक, तर 5 वर्षांनी साधारण 75 ते 80 चालू असतात. रुग्ण जगण्याचे प्रमाण याहून जास्त, कारण मूत्रपिंड थांबले तरी डायलिसिस असतेच. काढलेले मूत्रपिंड थंडाव्यात जितके तास राहील, तितका ते उशिरा कामाला लागण्याचा धोका वाढतो. पुढे सगळी भिस्त औषधांवर. बरे वाटते म्हणून, पैशांची ओढाताण आहे म्हणून गोळी चुकवू नका. अडचण आधी डॉक्टरांना सांगा.