महाकाव्यांतील असुर आणि राक्षस : एक आवश्यक भेद

महाभारत व रामायण यांतील देवविरोधी पात्रांची चर्चा करताना असुर, दैत्य, दानव आणि राक्षस हे शब्द पर्यायवाचक म्हणून योजण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ आहे. कीर्तनाख्यानांत तो खपून जातो. संशोधनात मात्र त्यामुळे अर्थहानी होते. या शब्दांमागे मुळात दोन भिन्न कल्पना आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवल्या तरच काही महत्त्वाच्या प्रसंगांचा उलगडा होतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा इतिहास पाहू. ऋग्वेदाच्या प्राचीन भागात ‘असुर’ हे सामर्थ्यवाचक विशेषण असून ते वरुण, अग्नी, इंद्र इत्यादी देवतांना लावलेले आढळते. अवेस्तेतील ‘अहुर’ हा त्याचा सजातीय शब्द होय. ब्राह्मणग्रंथांत देव व असुर ही दोन्ही प्रजापतीचीच अपत्ये असून त्यांच्यात स्वामित्वासाठी स्पर्धा चालते. ‘असुर’ या शब्दातील आद्य अकार पुढे नकारार्थी मानला गेला आणि त्यातून ‘सुर’ हा शब्द निघाला. वारुणीचा स्वीकार करणारे ते सुर व न करणारे दितिपुत्र ते असुर, ही बालकांडातील उपपत्ती मूळ अर्थाच्या विस्मरणानंतरची आहे. ‘रक्षस्’ या शब्दाला मात्र असा गौरवाचा पूर्वेतिहास नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०४ वे व दहाव्या मंडलातील ८७ वे सूक्त पाहिल्यास रक्षस् म्हणजे रात्री संचार करणारी, यज्ञ विटाळणारी व मनुष्याला पीडा देणारी शक्ती, हे स्पष्ट होते.

महाकाव्यांतील वंशावळी हाच भेद जपतात. आदिपर्वानुसार दैत्य हे दितीचे व दानव हे दनूचे पुत्र. दोघीही कश्यपाच्या पत्नी असल्याने अदितिपुत्र देव हे त्यांचे सावत्र बंधू ठरतात. राक्षसांचा उगम मात्र पुलस्त्यापासून सांगितला आहे. तात्पर्य, असुरांचे वैर ही भाऊबंदकी आहे. तिचा विषय राज्य हा होय. म्हणूनच पृथ्वीवर अवतरताना विप्रचित्ती जरासंध होतो व हिरण्यकशिपू शिशुपाल होतो. हिडिंब, बक, किर्मीर हे राक्षस मात्र अरण्यात किंवा गावाच्या वेशीवर मनुष्यभक्षक म्हणूनच भेटतात.

या भेदाची खरी कसोटी घटोत्कचवधाच्या प्रसंगी लागते. पांडवांसाठी प्राण वेचणाऱ्या या भीमपुत्राच्या मृत्यूनंतर कृष्ण हर्षित होतो. कर्णाची अमोघ शक्ती खर्ची पडली, हे त्याचे पहिले कारण. परंतु घटोत्कच यज्ञद्वेष्टा व ब्राह्मणद्वेष्टा असल्याने एरवी आपणच त्याचा वध केला असता, असेही तो सांगतो. घटोत्कचाच्या चरित्रात या आरोपाला फारसा आधार सापडत नाही. तो त्याच्या जातीवर केलेला आरोप आहे, आणि तो वैदिक रक्षस्-कल्पनेतून जसाच्या तसा आला आहे. याउलट मय हा दानव असूनही खांडवदाहातून वाचविला जातो व कृतज्ञतेने पांडवांची सभा उभारतो. त्याच्या माथी असा दोष कोणी मारीत नाही.

अपवाद आहेत, हे मान्य केले पाहिजे. दुर्योधनाचे बंधू पौलस्त्यांचे अवतार मानले आहेत. रावण तर जन्माने राक्षस, पण आकांक्षेने असुर आहे : त्याचे अनुयायी यज्ञ उधळतात, तो स्वतः देवांना जिंकू पाहतो. उत्तरकांडात तो मय दानवाचा जामातही होतो. परंतु ही सीमा ओलांडली जात आहे हे कळण्यासाठी ती आधी ओळखावी लागते.

राक्षसकथांत एखाद्या वन्य जमातीचा इतिहास शोधणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच एक दक्षता घ्यावी. जे वर्णन वेदकाळापासून ठरीव साच्याने येत आहे, ते प्रत्यक्ष निरीक्षण समजून वाचल्यास कवीचा पूर्वग्रहच आपण इतिहास म्हणून नोंदवू. घटोत्कचावर झालेला अन्याय अभ्यासकाच्या हातून पुन्हा घडू नये.