विश्लेषण : हिब्रू ग्रंथांची छपाई मराठीपर्यंत कशी पोहोचली?

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी वारकऱ्यांची दाटी होते. निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू. ज्या ज्ञानेश्वरीत त्यांचे नाव पुन:पुन्हा येते, ती साडेपाचशे वर्षे हाताने उतरवून घेतली जात होती. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ती मुंबईत शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, मुंबईतच शिळाप्रेसवर आणखी एक धार्मिक पुस्तक छापले गेले. त्यात मूळ मजकूर हिब्रू होता आणि सोबत मराठी भाषांतर होते. हे पुस्तक म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचा ‘हग्गादा’. इटलीत सुरू झालेली हिब्रू छपाई मराठीपर्यंत येण्यास पावणेचारशे वर्षे का लागली आणि आज ही पुस्तके कोण वाचू शकते, याविषयी…

हिब्रूतील पहिले छापील पुस्तक कोणते?

गुटेनबर्गचे बायबल साधारण १४५५ च्या सुमारास जर्मनीत छापले गेले. त्यानंतर वीस वर्षांच्या आत हिब्रू पुस्तके छापली जाऊ लागली. तारीख नोंदवलेले सर्वांत जुने हिब्रू पुस्तक १४७५ चे आहे. इटलीच्या दक्षिण टोकाला असलेल्या रेज्जो दि कालाब्रिया या गावी अब्राहम बेन गार्टन याने ते छापले. तो होता तोरा या धर्मग्रंथावरचा राशी या अकराव्या शतकातील फ्रेंच ज्यू पंडिताचा टीकाग्रंथ. त्याच वर्षी उत्तर इटलीत पिओवे दि साक्को येथे ज्यू धर्मशास्त्राचा एक मोठा ग्रंथही निघाला. पुढे सोन्सिनो या गावच्या मुद्रक घराण्याने १४८८ मध्ये संपूर्ण हिब्रू बायबल छापले.

म्हणजे हिब्रूत आधी छापला गेला तो मूळ ग्रंथ नव्हे, तर त्याच्यावरची टीका. गीतेपेक्षा ज्ञानेश्वरी घराघरांत वाचली जाते, तसाच हा प्रकार. मूळ ग्रंथ अनेकांना पाठ होता. तो समजावून सांगणारे पुस्तक मात्र हवे होते.

यात व्हेनिसचे महत्त्व काय?

१४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले. निर्वासितांबरोबर छापण्याची विद्याही निघाली. १४९३ मध्ये इस्तंबूलला हिब्रू ग्रंथ छापला गेला. ऑटोमन साम्राज्यात कोणत्याही भाषेत छापलेले ते पहिले पुस्तक मानले जाते.

सर्वांत मोठे काम मात्र व्हेनिसमध्ये झाले आणि ते करणारा मुद्रक ज्यू नव्हता. अँटवर्पहून आलेल्या डॅनिएल बॉम्बर्ग या ख्रिस्ती व्यापाऱ्याने १५२० च्या आगेमागे संपूर्ण तालमूद छापायला घेतला आणि १५२३ पर्यंत पुरा केला. पानाच्या मध्यभागी मूळ मजकूर, एका बाजूला राशीची टीका, दुसऱ्या बाजूला नंतरच्या पंडितांच्या टिपा अशी मांडणी त्याने रूढ केली. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांतही मूळ श्लोक मध्ये आणि टीका वर-खाली लिहीत. बॉम्बर्गचे पृष्ठक्रमही टिकले. आज जगात कुठेही तालमूदमधील संदर्भ द्यायचा तर त्याच पानांचे आकडे सांगतात.

हे सगळे सुखासुखी चालले नाही. १५५३ मध्ये पोपच्या आदेशाने रोममध्ये आणि पाठोपाठ व्हेनिसमध्ये तालमूदच्या प्रती भर चौकात जाळण्यात आल्या. तरीही ग्रंथ नाहीसा झाला नाही, कारण छापील प्रती तोवर अनेक देशांत पोहोचल्या होत्या. हस्तलिखिताच्या चारदोन प्रती असत्या तर चित्र वेगळे दिसले असते.

छापखाना गोव्यात १५५६ मध्येच आला, मग हिब्रू तेव्हाच का नाही?

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. तिथे १५६३ मध्ये छापलेले एक प्रसिद्ध पुस्तक म्हणजे गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय वनौषधींवरचा पोर्तुगीज ग्रंथ. याच ओर्ताकडे मुंबई बेट पोर्तुगीजांकडून भाडेपट्ट्याने होते. तो बाटवलेल्या ज्यू घराण्यातला होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. १५६८ मध्ये ओर्ता मरण पावला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे उकरून जाळण्यात आली. तंत्र दाराशी आले होते. पण ज्या राज्यात ज्यू म्हणून ओळख देणे जिवावर बेतत होते, तिथे हिब्रू पुस्तक छापणार कोण?

बेने इस्रायल हिब्रू कसे शिकले?

गोव्याच्या उत्तरेला, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्रायल समाज शेकडो वर्षे राहत होता. तेलघाणा हा त्यांचा मुख्य व्यवसाय. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावे, बोली मराठी. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढे त्यांनी जपले होते. सणांना नावेही मराठीच होती : ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’. हिब्रू ग्रंथ मात्र त्यांच्याकडे उरले नव्हते.

१७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. कोचीनहून शिक्षक आले. दुसरी मदत अनपेक्षित बाजूने आली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही गिरगाव चौपाटीसमोर आहे, १८३२ मध्ये बेने इस्रायलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. हेतू धर्मांतराचा होता. झाले उलटेच : धर्मांतरे फारशी झाली नाहीत, पण मराठीतून हिब्रू शिकलेली पिढी तयार झाली. तिच्यातले प्रमुख नाव जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५). डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे ते सुमारे चाळीस वर्षे मुख्याध्यापक होते. मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही त्यांनी काम केले आणि अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले.

शिळाप्रेसच का निवडला?

धातूच्या खिळ्यांनी छापायचे तर प्रत्येक अक्षराचा वेगळा खिळा ओतावा लागतो. हिब्रूत अक्षरांच्या खाली-वर स्वरांची चिन्हे असतात, देवनागरीत काना-मात्रा आणि जोडाक्षरे. शिवाय हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्हींचे खिळे जमवून एक पान जुळवणे लहान समाजाला परवडणारे नव्हते.

शिळाप्रेसमध्ये खिळेच लागत नाहीत. लेखनिक तेलकट शाईने खास कागदावर मजकूर लिहितो. तो कागद गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर दाबला की अक्षरे उलटी उमटतात. मग दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवतात. ओल्या भागावर शाई बसत नाही, तेलकट अक्षरांवर बसते. त्यावर कोरा कागद दाबला की सुलटी प्रत तयार. हाताने जे लिहिता येते ते सारे, चित्रांसकट, छापता येते. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग असेच छापले होते. बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यूंनीही १८५५ ते १८६६ या काळात ‘दोरेश तोव्ह ले-अम्मो’ हे हिब्रू लिपीतले अरबी साप्ताहिक याच पद्धतीने चालवले.

हग्गादाला मराठी का हवी होती?

हग्गादा हे वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या, रात्री घरात वाचायचे पुस्तक. त्यात इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची कथा असते. घरातले लहान मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारे उत्तर देतात, अशी ही प्रथा. कथा मुलांना सांगणे हेच कर्तव्य असल्याने ती मुलांना कळली पाहिजे, म्हणून हिब्रूसोबत मराठी.

१८४६ च्या मुंबई आवृत्तीनंतर १८७४ मध्ये पुण्यात सचित्र हग्गादा निघाला. मोझेस जेकब टळकर आणि आरोन डॅनिएल टळकर यांनी तो विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापून घेतला. बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका त्यातल्या चित्रांत साडी नेसलेल्या दिसतात. इजिप्तची कथा, हिब्रू प्रार्थना, पुण्यातला अग्निहोत्रींचा छापखाना आणि कोकणातल्या बायका, हे सगळे एका पुस्तकात आहे. १९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याची हुबेहूब प्रत पुन्हा काढण्यात आली.

मग हस्तलेखन संपले का?

नाही. सिनेगॉगमध्ये वाचली जाणारी तोराची गुंडाळी आजही चर्मपत्रावर हातानेच लिहिलेली असावी लागते. छापील चालत नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी हस्तलिखित नामावळींतच असतात. ज्या मजकुराचे मोल त्याच एका प्रतीत असते तो हाताने लिहिला जातो. जो घरोघर पोहोचायला हवा तो छापला जातो. हग्गादा दुसऱ्या प्रकारातला.

आज हे पुस्तक वाचणार कोण?

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग परिसरात आता काही हजारच उरले आहेत. २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमध्ये या समाजाने ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. पण तिथे जन्मलेल्या पिढीची भाषा हिब्रू आहे. तिला पानाची हिब्रू बाजू सहज वाचता येते, मराठी बाजू आजी-आजोबांना विचारावी लागते. इकडे मराठी वाचणारे कोट्यवधी, पण हिब्रू वाचणारे मोजके.

दोन्ही बाजू वाचू शकणारी माणसे वयस्कर आहेत. म्हणून अशा पुस्तकांची नोंद आणि त्यांतल्या मराठीचा अभ्यास आता व्हायला हवा. ही पुस्तके जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, रद्दीत किंवा ग्रंथालयाच्या बिननोंदीच्या कपाटातही सापडू शकतात. मराठी अक्षरांबरोबर अनोळखी चौकोनी अक्षरे असलेले पुस्तक हाती आले तर ते रद्दीत घालू नका. त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही टोकांच्या पानांचे मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा आणि ते जवळच्या ग्रंथालयात किंवा सिनेगॉगमध्ये दाखवा. फोटो काढताना लक्षात ठेवा : हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडते, त्यामुळे आपल्याला जे शेवटचे पान वाटेल, ते मुखपृष्ठ असू शकते.