घरचा दवाखाना (लेखांक ७) : परभणीचं ऊन आणि साखरेची पट्टी

या आठवड्यात दोन यंत्रं पाहू: ग्लुकोमीटर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. एक खिशात मावतं, दुसऱ्याला चाकं असतात. पण परभणी जिल्ह्यात दोन्ही घेताना प्रश्न एकच पडायला हवा: हे यंत्र ज्या घरात येणार, ते घर कसं आहे?

या वस्तूंची मागणी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत उसळली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर यांच्या विक्रीतल्या नफ्यावर मर्यादा घातली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मुलं पुण्यात, आईवडील सेलू-पाथरीकडे, अशी घरं आता गावोगाव आहेत. मुलगा ऑनलाइन मशीन मागवतो, ते थेट दारात येतं. ते कसं सांभाळायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

साखरेच्या पट्टीवर एन्झाइमचा थर असतो. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होऊन सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि मशीन तो मोजून आकडा दाखवतं. हा थर उष्णतेने आणि ओलाव्याने बिघडतो. बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको. म्हणून पट्ट्या मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवाव्यात. फ्रीजमध्ये नको, तिथून काढल्यावर दव धरतं. इन्सुलिनचं उलटं: न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. फ्रीज नसेल तर ओलं ठेवलेलं मातीचं भांडं बऱ्यापैकी साथ देतं. कोरड्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडतं आणि आतली हवा गार राहते; पावसाळी दमट हवेत हा गुण कमी होतो.

आकडाही सावधपणे वाचावा. आंतरराष्ट्रीय निकषानुसार १०० च्या वरच्या साखरेत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे खरी साखर २०० असेल, तर मशीन १७० ते २३० मधला कोणताही आकडा दाखवू शकतं. आंबा खाऊन हात न धुता बोट टोचलं, तर आकडा उगाच फुगतो. एका आकड्यावर गोळी किंवा इन्सुलिन बदलू नये, ते यासाठीच.

आता कॉन्सन्ट्रेटर. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. यंत्रातले झिओलाइटचे खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन नळीत येतो. यात साठा काहीच नसतो. लाइट गेली की ऑक्सिजन थांबला. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट वीज घेतं. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची एक बॅटरी त्यावर जेमतेम तीन तास टिकते, तीही नवी असेल तर. म्हणून रुग्ण पूर्णपणे यंत्रावर असेल, तर भरलेलं सिलिंडर घरात हवंच. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत धुळीने फिल्टर लवकर तुंबतो. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे तो धुवावा. नळीजवळ चूल, बिडी, उदबत्ती नको. आणि दम लागला म्हणून प्रवाह मनाने वाढवू नये: फुप्फुसाच्या जुनाट आजारात जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो.

खरेदीआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. पट्ट्या तालुक्याला मिळतात का आणि केवढ्याला? मशीन एकदाच घ्यायचं असतं, पट्ट्या कायमच्या. दुरुस्तीला यंत्र कुठे पाठवावं लागेल? आणि महिन्या-दोन महिन्यांचंच काम असेल, तर भाड्याने मिळेल का? घरी आणल्यावर, लॅबमध्ये रक्त द्यायला जाल तेव्हा ग्लुकोमीटर सोबत न्या, त्याच वेळी बोट टोचून पाहा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. डॉक्टरांना नुसत्या मशीनपेक्षा ती वही जास्त उपयोगी पडते.

(पुढील आठवड्यात : नेब्युलायझर)