नकाशाधांव आणि घरचा संसार



आज ज्या खेळाविषयीं मी आपल्याशीं बोलणार आहें, त्याचें नांव ओरिएंटिअरिंग. नांव जरा बोजड आहे; मराठींत त्यास रूढ शब्द नाहीं. म्हणून या भाषणापुरती आपण त्याला 'नकाशाधांव' म्हणूं. हा खेळ स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या उत्तरेकडील अरण्यबहुल देशांत वाढला. परंतु त्याच्या निमित्तानें जो प्रश्न मला आपल्यापुढें मांडावयाचा आहे, तो कोणत्याही देशांतील संसारी माणसाचा आहे. ज्याच्या अंगीं एखादा कष्टाचा छंद भिनला आहे आणि ज्याच्या घरीं लहान मुलें आहेत, त्यानें त्या छंदासाठीं वेळ कोठून आणावा? आणि आणलाच, तर तो कोणाच्या वाट्याचा आणला, याचा हिशेब त्यानें ठेवावा कीं नाहीं?

प्रथम खेळाची ओळख करून घेऊं. स्पर्धकाच्या हातीं एक तपशीलवार नकाशा असतो आणि एक होकायंत्र असतें. नकाशा बहुधा १:१०,००० किंवा १:१५,००० या प्रमाणाचा. म्हणजे कागदावरील एक सेंटिमीटर हा जमिनीवरील शंभर किंवा दीडशें मीटर समजावयाचा. चढउतार दाखविणाऱ्या रेषा तपकिरी असतात. पाणी निळें, खडक व पायवाटा काळ्या, मोकळें मैदान पिवळें. पांढरा रंग पाहून आपल्याला तेथें कांहींच नाहीं असें वाटेल. पण तेथें अरण्यच असतें, मात्र ज्यांतून सहज धांवतां येईल असें. झाडी जितकी दाट, तितका हिरवा रंग गडद. या रानांत नारिंगी व पांढऱ्या कापडाचीं ठाणीं मांडलेलीं असतात. तीं नेमून दिलेल्या क्रमानें गांठावयाचीं. दोन ठाण्यांमधील वाट मात्र ज्यानें त्यानें आपली शोधावयाची. सर्वांत कमी वेळांत जो परततो, तो जिंकतो.

या खेळाचें मूळ लष्करी शिक्षणांत आहे. सामान्य नागरिकांसाठीं पहिली शर्यत नॉर्वेंत ३१ ऑक्टोबर १८९७ रोजीं झाली. पुढें स्वीडनमधील मेजर अर्न्स्ट किलांडर यांनीं १९१९ सालीं स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरविली आणि खेळास व्यवस्थित रूप दिलें. १९६१ सालीं त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि १९६६ सालीं फिनलंडमध्यें पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आतां या खेळाची अडचण पाहा. सडकेवर धांवणाऱ्यानें जोडे चढविले कीं त्याचा सराव उंबरठ्यापासून सुरू होतो. नकाशाधांवेस रान लागतें, आणि रानापर्यंत जावें लागतें. शिवाय येथें दोन शक्ति एकाच वेळीं कमवावयाच्या असतात. छाती भात्यासारखी चालू असतांना डोक्यानें शांतपणें नकाशा वाचावयाचा. दम लागला कीं पहिली चूक पायाची होत नाहीं, डोळ्याची होते. म्हणून नुसतें धांवून भागत नाहीं, आणि नुसता नकाशा पाहूनही भागत नाहीं.

अशी कल्पना करा, कीं स्वीडनमधील एका शहरांत एक जोडपें राहतें. दोघेंही नोकरी करणारीं, दोघेंही या खेळाचीं वेडीं. एक मूल पांच वर्षांचें, दुसरें दोन वर्षांचें. डिसेंबर महिना आहे. त्या प्रदेशांत सूर्य दुपारीं तीन वाजण्यापूर्वींच मावळतो. मंगळवारीं संध्याकाळीं मंडळाचा सराव आहे. कपाळाला दिवा बांधून अंधाऱ्या रानांत धांवण्याचा सराव तेथें हिवाळ्यांत सर्रास होतो. नवरा निघतो. प्रत्यक्ष धांव एक तासाची. परंतु कपडे, जाणें, येणें, स्नान आणि चिखलानें भरलेले जोडे धुणें हें सारें धरलें, तर ती एक तासाची धांव घराला अडीच तासांस पडते. त्याच अडीच तासांत धाकट्यास जेवूं घालावयाचें असतें, मोठ्यास गोष्ट सांगावयाची असते, आणि दोघांना निजवावयाचें असतें. धांवणारा आपल्या वहींत 'एक तास' असें टिपतो. घरीं राहिलेलीच्या मनाच्या वहींत मात्र अडीच तास टिपलेले असतात. या दोन वह्यांतील आंकडे जुळत नाहींत, हेंच बहुतेक तंट्यांचें मूळ होय.

म्हणून पहिला उपाय असा, कीं सरावाचा काळ घरच्या घड्याळानें मोजावा. तसा मोजला, कीं लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: इतक्या तासांपैकीं अवश्य किती आणि संवयीचे किती?

या बाबतींत शरीरशास्त्रानें संसारी माणसास मोठा दिलासा दिला आहे. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ रॉबर्ट हिक्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९८१ ते १९८५ या काळांत प्रसिद्ध केलेले प्रयोग प्रसिद्धच आहेत. त्यांनीं कांहीं माणसांकडून दहा आठवडे, आठवड्यांतून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटें जोराचा व्यायाम करविला. त्यानें त्यांची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति पुष्कळ वाढली. मग पुढील पंधरा आठवडे व्यायाम घटविला. कांहींचे दिवस सहावरून चार केले, कांहींचे दोन. तरी कमावलेली शक्ति टिकून राहिली. दुसऱ्या प्रयोगांत दिवस तेवढेच ठेवून वेळ चाळीस मिनिटांवरून सव्वीस व तेरा मिनिटांवर आणला. तरीही ती शक्ति टिकली. केवळ तेरा मिनिटें करणाऱ्यांची दीर्घकाळ तग धरण्याची ताकद तेवढी उतरली. तिसऱ्या प्रयोगांत दिवस आणि वेळ कायम ठेवून व्यायामाचा जोर मात्र कमी केला. तेव्हां कमावलेलें हातचें जाऊं लागलें.

याचा अर्थ स्पष्ट आहे. नवी शक्ति कमावण्यास पुष्कळ वेळ लागतो. कमावलेली राखण्यास थोडा पुरतो. पण त्या थोड्या वेळांत जोर सोडून चालत नाहीं. जोर ओळखण्याची खूण सोपी आहे. धांवतांना पुरें वाक्य बोलतां आलें, तर तें सोपें धांवणें; दोन-तीन शब्दांपलीकडे बोलवेना, तर तें जोराचें. दहा मिनिटें हळू धांवून अंग तापवावें. नंतर चार मिनिटें जोरानें, तीन मिनिटें सावकाश, असें चार वेळां करावें. अखेर पांच मिनिटें रेंगाळत घरीं यावें. शेवटच्या फेरीनंतरची विश्रांति सोडली, तर हें सारें चाळीस मिनिटांत आटोपतें. आठवड्यांत असा एक दिवस, कामावर जातां-येतां एक सोपी धांव, आणि सुटीच्या दिवशीं एक वेळ रानांत नकाशासह, एवढ्यावर अनुभवी खेळाडूला मुलांच्या लहानपणाचीं वर्षें निभावून नेतां येतात. दीर्घ दम थोडा उणा होईल. पण खेळ सुटणार नाहीं.

येथें एक इशारा दिला पाहिजे. झोपेचें कर्ज शरीर विसरत नाहीं. प्रौढ माणसास रात्रीं निदान सात तासांची झोप हवी, असें वैद्यकाचें सांगणें आहे. मूल तापानें फणफणलें आहे, रात्र बसून काढली आहे, आणि वहींत लिहिलें आहे म्हणून पहाटे जोराची धांव घ्यावी, यांत पुरुषार्थ नाहीं. त्या दिवशींची धांव बुडूं द्यावी. दुसरी चूक बुडालेल्या धांवा एकदम भरून काढण्याची. काळीज व फुप्फुसें कांहीं आठवड्यांत तयार होतात. स्नायुबंध व हाडें मात्र सावकाश घट्ट होतात. दम आहे म्हणून माणूस धांवतो आणि पाय दुखवून बसतो. मग तीन आठवडे धांवही नाहीं, आणि लंगडणारा माणूस घरकामासही अपुरा.

कांहीं सराव तर घरांतच होतो. मुलें निजल्यावर जेवणाच्या टेबलावर जुना नकाशा पसरावा, दोन ठाण्यांमधील सर्व संभाव्य वाटा बोटानें फिरून पाहाव्या, आणि कोणती कां निवडली हें स्वतःस समजावून द्यावें. नकाशाचा एक तुकडा मिनिटभर पाहून झांकावा व कागदावर काढावा. स्मरणशक्तीचा हा उत्तम व्यायाम आहे. खडकाळ जमिनीवर घोटा मुरगळूं नये म्हणून दांत घासतांना एका पायावर उभें राहावें. मुलांना हा प्रकार मोठा गमतीचा वाटतो, आणि तींही तसेंच करूं लागतात.

या खेळाची जी गोष्ट मला सर्वांत अनुकरणीय वाटते, ती अशी, कीं त्याच्या चालकांनीं संसारी माणूस गृहीत धरला आहे. दहा वर्षांच्या आंतील मुलांपासून ऐंशीच्या पुढील वृद्धांपर्यंत वयवार वर्ग असतात. स्वीडनमध्यें १९६५ पासून भरणाऱ्या 'ओ-रिंगेन' या पांच शर्यतींच्या उत्सवास सबंध कुटुंबें तंबू घेऊन येतात. अगदीं लहानांसाठीं झाडांमधून दोरी किंवा रंगीत फीत लावलेली असते. तिच्या आधारानें तीन-चार वर्षांचें मूलही एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यापर्यंत जातें. खुल्या वर्गांत ठरलेल्या मुदतींत आपल्या सोयीनें निघण्याची मुभा असते. ब्रिटनमध्यें आईबापांना एकमेकांपासून दूरच्या वेळा मागून घेतां येतात. एकजण परतला, कीं मूल त्याच्या कडेवर देऊन दुसऱ्यानें निघावें. योजना साधी आहे. पण तिच्यामुळें 'आज कोण खेळणार?' हा घरोघरचा वाद मिटतो.

स्वित्झर्लंडच्या सिमोने निग्ली-लुडर यांचें उदाहरण या संदर्भांत नेहमीं सांगितलें जातें. २००१ ते २०१३ या काळांत त्यांनीं जागतिक स्पर्धांत तेवीस सुवर्णपदकें मिळविलीं. २००८ सालीं त्या आई झाल्या, २०११ सालीं त्यांना जुळीं झालीं. आणि त्यानंतर २०१२ व २०१३ सालींही त्यांनीं जागतिक सुवर्णपदकें जिंकलीं. मातृत्वानें खेळ संपतो, ही समजूत यामुळें खोटी ठरली, हें चांगलेंच झालें. परंतु अशा उदाहरणाचा सोटा करून तो दुसऱ्या आईच्या पाठींत घालूं नये. कोणत्याही मोठ्या यशामागें अनेकांचा वेळ उभा असतो, आणि पदकावर तो कोरलेला नसतो.

हाच मुद्दा आपल्याकडेही लागू आहे. २००४ सालीं सुरू झालेल्या मुंबईच्या मॅरेथॉनमुळें दूर पल्ल्याच्या धांवण्याची गोडी आपल्या शहरांतील पुष्कळ गृहस्थांना लागली. पहाटे पांच वाजतां समुद्रकांठीं धांवणारे हे गृहस्थ पाहून आनंद होतो. पण त्याच वेळीं घरांत मुलांचे डबे कोण भरीत असतें, हा प्रश्न विचारावाच लागतो. धांवणाऱ्याची पहाट जर रोज दुसऱ्याच्या पहाटेंतून कापून काढलेली असेल, तर त्या छंदास शिस्त हें नांव शोभत नाहीं.

तेव्हां माझी सूचना इतकीच. रविवारीं रात्रीं पति-पत्नींनीं पुढच्या आठवड्याचा कागद समोर घेऊन बसावें. दोघांपैकीं कोण केव्हां बाहेर असेल, तें त्यावर लिहावें. एकानें अडीच तास घेतले, तर दुसऱ्यास अडीच तास मिळालेच पाहिजेत. तें माणूस त्या वेळांत धांवो, वाचो अगर स्वस्थ पडून राहो, त्याचा जाब विचारूं नये. या व्यवहारांत परवानगी मागणें आणि देणें अशी भाषा नसावी. ती वाटणी आहे. कांहीं वर्षें अशीं येतील, कीं दोघांच्याही वाट्यास फार थोडें येईल. तें मोकळेपणानें कबूल करावें, आणि त्या वर्षीं विजयाची अपेक्षा धरूं नये. ज्या खेळांत ऐंशीच्या पुढेंही स्पर्धकांना वर्ग आहे, त्यांत पांच वर्षें हळू धांवल्यानें कांहीं बुडत नाहीं. मुलाचीं पहिलीं पांच वर्षें मात्र पुन्हां भरविलीं जात नाहींत.

नकाशाधांवेंतील जुने शिक्षक नवशिक्यास एक गोष्ट आधीं शिकवितात. आपण कोठें आहों हें कळेनासें झालें, कीं वेग वाढवूं नये. थांबावें, नकाशा जमिनीशीं जुळवून घ्यावा, आणि ओळखीची खूण सांपडल्यावरच पुढें जावें. थांबण्यांत गेलेला अर्धा मिनिट पुढचीं दहा मिनिटें वांचवितो. घरांतील माणसें गप्प गप्प होऊं लागलीं, मूल दारांतील आपले जोडे पाहून रडूं लागलें, म्हणजे संसारी धांवपटूनेंही असेंच थांबावें. जोडे त्या संध्याकाळीं कोपऱ्यांत राहूं द्यावे, आणि मुलाला मांडीवर घेऊन जुना नकाशा उलगडावा. निळा रंग म्हणजे पाणी, तपकिरी म्हणजे डोंगर, एवढें त्याला त्या दिवशीं कळलें, तरी तो सराव फुकट गेला असें म्हणतां येणार नाहीं.