थरथरणाऱ्या गाडीतला कागद

कंधार तालुक्यात गाडी हादरली की पहिला आळ रस्त्यावर येतो, आणि बहुतेकदा तो खराही असतो. खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्यासोबत वरखाली होतं. पण एक थरथर चांगल्या डांबरावरही येते. ऑटोमॅटिक गाडी ५०-६०च्या वेगात, बालाघाटच्या डोंगररांगेतला हलकासा चढ, ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकलेला. आणि दोन-तीन सेकंद गाडी रंबलरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी घरघरते. रस्त्यावर पट्टा एकही नसतो. पाय जरा जोरात दाबला की सगळं गप्प.

ही थरथर टॉर्क कन्व्हर्टरची असू शकते. (‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी या जातीची नसते. एएमटीमध्ये कन्व्हर्टर नसतोच, तिथला क्लच नेहमीचाच असतो.) हे यंत्र आपल्याकडे नवखं नाही. शेततळं खोदणाऱ्या जेसीबीच्या पोटातही कन्व्हर्टर असतो. बादली मातीत रुतून चाकं थांबली तरी इंजिन बंद पडत नाही, ते त्याच्यामुळे. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये घट्ट जोडच नाही, आहे फक्त तेल. इंजिनाकडची पाती तेल भिरकावतात, समोरची पाती त्या माऱ्याने फिरतात, आणि मधली तिसरी चकती परतणाऱ्या तेलाला असं वळवते की सुरुवातीला इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो. हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजासाठी: वाफेचं टर्बाइन फार वेगात फिरायचं, पंख्याला मात्र संथ गती हवी होती.

तेलाच्या या जोडात काही टक्के वेग कायम निसटतो, आणि निसटलेलं सगळं उष्णता होतं. म्हणून पॅकार्डने १९४९मध्ये आपल्या गाडीच्या कन्व्हर्टरमध्ये एक क्लच बसवला. गाडीने वेग धरला की हा लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना बांधून टाकतो. आजच्या क्लचचं अस्तर बहुधा कशाचं असतं? कागदाचं! सेल्युलोजचे आणि इतर चिवट तंतू राळेत मुरवून केलेला, तेल पिणारा कागद. चढावर सबंध कुटुंबासह गाडी ओढली जाते ती या कागदाच्या पकडीवर.

खरी गंमत इथून पुढे आहे. धान्याचं पोतं सरकवताना पहिला रेटा जास्त लागतो. एकदा हललं की सोपं जातं. थांबलेल्या वस्तूचं घर्षण जास्त, सरकत्या वस्तूचं कमी, हा रोजचा अनुभव. पण क्लचचं घर्षण असं वागलं तर पृष्ठभाग चिकटतात, ताण वाढतो, सुटतात, पुन्हा चिकटतात. सारंगीचा गज तारेला याच चिकट-सुटीने बोलतं करतो. गाडीत तिचीच थरथर होते. म्हणून क्लचमध्ये निसर्गाच्या उलट वागणूक हवी असते: सरकणं मंदावेल तसं घर्षणही उतरायला हवं. हे काम एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलातली काही रसायनं करतात. त्यांच्या रेणूंचं एक टोक पोलादाला धरून बसतं, दुसरं तेलात मोकळं राहतं, आणि त्या थरामुळे पकड झटका न देता बसते. नव्या गाड्यांत इंजिनाची कंपनं चाकांपर्यंत जाऊ नयेत म्हणून हा क्लच मुद्दाम किंचित घसरता ठेवतात, त्यामुळे तेलाची परीक्षा जवळजवळ अखंड चालू असते. उष्णतेने रसायनं थकली किंवा तेलात पाणी शिरलं की घर्षण आपल्या मूळ स्वभावावर येतं.

निदानाची जुनी युक्ती सोपी आहे. रस्ता मोकळा असताना, मागे कोणी नसताना, थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकच्या पेडलला नुसता स्पर्श करायचा. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा दिवा लागताच लॉक-अप सुटतो. आरपीएम थोडा चढला आणि थरथर गेली, तर संशय क्लचवर. पण इथे घाई नको. इंजिन मिसिंग मारत असेल तरी लॉक सुटल्यावर तेल तो धक्का गिळून टाकतं, आणि चाचणी तेच उत्तर देते. म्हणून स्कॅनर लावून मिसफायरची मोजणी आणि क्लचची घसरण, दोन्ही एकाच वेळी बघायची. मोजणी शून्य आणि घसरणीचा आकडा मात्र वरखाली नाचतोय, तर स्पार्क प्लग बदलून पैसे घालवू नयेत.

इलाज तेलापासून सुरू करावा. ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ हे वाक्य कोणाच्या आयुष्याबद्दल आहे, असा मला नेहमी प्रश्न पडतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच ग्रेडचं तेल हवं. लाल दिसणारं प्रत्येक एटीएफ एकच तेल नव्हे. पॅनमधून काढलं तर निम्म्याच्या आसपासच निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं, त्यामुळे बदल दोन-तीनदा करावा लागतो. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलर फुटून कूलंट मिसळलेलं असू शकतं, आणि कागदाचा चिकटवा पाण्यापुढे टिकत नाही. अस्तरच जळालं असेल तर नवं तेल फार तर काही दिवस ढकलतं. मग गिअरबॉक्स उतरवून कन्व्हर्टर बदलायचा, किंवा त्याची वेल्डिंग लेथवर कापून, अस्तर नवं लावून, पुन्हा जोडून बॅलन्स करायचा. त्याआधी लॉक-अपचा दाब सांभाळणारा सोलेनॉइड तपासून घ्यावा, नाहीतर नवं अस्तरही त्याच वाटेने जातं.

शेवटी तेलाची पातळी. तेल तापलं की फुगतं, म्हणून पातळी ठरावीक तापमानालाच बघायची असते, आणि अनेक गिअरबॉक्सना ती ४० अंशांच्या आसपास लागते. मे महिन्यात कंधारला दुपारी सावलीतच तेवढं असतं; इंजिन सुरू करून पातळी बघेपर्यंत तेलाचं तापमान त्याच्या पुढे निघून जातं. हे काम पहाटे करावं.