गाडी मिसिंग मारतेय? जुन्या मारुतीचे प्लग घरच्या घरी असे बदला

पहाटेची वेळ. ओतूरच्या मळ्यातून टोमॅटोचे क्रेट भरून ओम्नी नारायणगावच्या मार्केटला निघालीय. चढ आला की गाडी गुडगुडते, धक्के देते, पिकअप घेत नाही. पेट्रोल आहे, बॅटरी चांगली आहे, मग अडलंय कुठं? बऱ्याचदा घोळ असतो बोटाएवढ्या एका वस्तूत, ती म्हणजे स्पार्क प्लग.

जुन्नर-आंबेगावात आजही मारुती 800 आणि ओम्नी भरपूर दिसतात. 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं, ओम्नीचं 2019 मध्ये. म्हणजे या गाड्या आता जुन्याच. पण त्यांचं 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन इतकं साधं आहे की प्लग बदलणं तुम्हाला अंगणात जमू शकतं. ज्यांनी चेतक किंवा एम-80 चा प्लग काढून साफ केलाय, त्यांना तर अर्धं काम येतंच.

प्लग नेमकं करतो काय?

इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं. ते पेटवायला ठिणगी लागते. कॉइलमधून हजारो व्होल्टचा करंट येतो आणि प्लगच्या टोकावरच्या बारीक फटीतून उडी मारतो. तीच ठिणगी.

आता हिशोब बघा. फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा प्लग पेटतो. इंजिन मिनिटाला 2500 फेरे घेत असेल तर एक प्लग मिनिटाला 1250 वेळा ठिणगी टाकतो. नारायणगाव ते पुणे दोन तासांचा प्रवास धरला तर दीड लाख ठिणग्या! दर ठिणगीला टोकाचा धातू कणभर झिजतो, फट वाढते आणि एक दिवस ठिणगी चुकायला लागते. यालाच आपण मिसिंग म्हणतो.

साधे प्लग साधारण 15 ते 30 हजार किलोमीटर टिकतात. गाडी गॅसवर असेल तर लवकर तपासा, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं.

काय काय लागेल?

प्लग पाना (जुन्या गाड्यांना बहुधा 21 मिमी, काहींना 16 मिमी), टॉमी, फिलर गेज, कोरडं फडकं आणि सायकलचा पंप.

नवे प्लग घेताना जुन्यावरचा नंबर दुकानात दाखवा. तो नंबर प्लगची उष्णता झेलण्याची क्षमता सांगतो. गंमत म्हणजे एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड आणि बॉशमध्ये बरोबर उलटं. त्यामुळे अंदाजाने प्लग घेऊ नका.

आता कामाला लागू

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड अॅल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग काढला तर आटे खराब होण्याची भीती असते.

2. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे सीट उचलावी लागेल.

3. एका वेळी एकच प्लग. तिन्ही वायरी एकदम काढल्या आणि अदलाबदल झाली तर गाडी नीट चालूच होणार नाही. वायर ओढू नका, टोकाचं रबरी बूच धरून काढा.

4. प्लगच्या खळग्यातली धूळ पंपाने उडवा. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांची माती तिथं साचलेली असते. प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये जाते.

5. प्लग सोडवा. अडकला तर जोर करू नका. गंज सोडवणारं तेल टाका, थांबा, थोडं मागेपुढे फिरवा. तरीही नाही निघाला तर मेकॅनिककडे जा.

6. नव्या प्लगची फट गेजने तपासा. योग्य माप गाडीच्या पुस्तकात असतं, कारण मॉडेलनुसार ते बदलतं.

7. प्लग आधी हातानेच बसवा. पाना लावायचा नाही. हात पोहोचत नसेल तर प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून फिरवा. आटे तिरके बसत असतील तर नळी घसरेल आणि नुकसान वाचेल.

8. हाताने घट्ट झाल्यावर वॉशरवाल्या नव्या प्लगला पान्याने अर्धा ते पाऊण फेर्‍याच्या आतच आवळा. जास्त ताकद लावली तर आटे जातात. प्लगची किंमत शेकड्यात असते, हेडच्या कामाचं बिल हजारात येतं.

जुना प्लग फेकू नका, आधी वाचा

फिकट तपकिरी टोक म्हणजे इंजिन ठणठणीत. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त येतंय, एअर फिल्टर आणि चोक बघा. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर चढतंय, रिंग किंवा व्हॉल्व्हचं काम निघू शकतं. पांढरा पडलेला, फोड आलेला प्लग म्हणजे इंजिन जास्त तापतंय. यातलं काही दिसलं तर नुसते प्लग बदलून उपयोग नाही.

बदलूनही मिसिंग गेलं नाही तर?

मग वायरी तपासा. माळशेज किंवा भीमाशंकरच्या धुक्यापावसात जुन्या वायरींना ओल धरते आणि करंट बाहेरच गळतो. रात्री अंधारात मोकळ्या जागेत इंजिन चालू ठेवून लांबून बघा, खराब वायरीवर निळ्या ठिणग्या दिसतील. हात मात्र लावू नका, झटका जबर बसतो.

आणि मिसिंग मारणारी गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो जळू शकतो. शिवाय भर पावसात घाटात गाडी बंद पडण्यापेक्षा रविवारचा एक तास अंगणात घालवलेला केव्हाही बरा.