प्रकाशासाठी एका नॅनोमीटरची फट

देगलूरहून विजापूरच्या सहलीला गेलेल्यांनी गोलघुमटाच्या सज्ज्यात भिंतीशी कुजबुजून पाहिलेलं असतं. सुमारे 38 मीटर रुंदीच्या त्या घुमटात पलीकडच्याला शब्द स्पष्ट ऐकू येतात, कारण आवाज विरून न जाता वक्र भिंतीला धरून सरकतो. सी. व्ही. रामन यांनी 1921-22 मध्ये अशा सज्ज्यांवर शोधनिबंध लिहिला. त्यात गोलघुमटही आहे.

प्रकाशही असा कोंडता येतो, आणि त्याची गरज मोठी आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर, रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा. बहुतेक प्रकाश रेणूला न जुमानता निघून जातो. रामन यांनीच 1928 मध्ये शोधलेल्या परिणामात रंग बदलून परतणारा फोटॉन साधारण कोटीत एखादा!

अणू किती झपाट्याने प्रकाश सोडतो हे भोवतालच्या पोकळीवरही ठरतं, असं एडवर्ड पर्सेल यांनी 1946 मध्ये मांडलं. पोकळीत प्रकाश जितका जास्त वेळ टिकेल आणि जितक्या कमी जागेत मावेल, तितका परिणाम मोठा. पॅरिसच्या सर्ज आरोश यांनी टिकवण्याची वाट धरली. कडाक्याच्या थंडीत, अतिवाहक आरशांमध्ये त्यांनी फोटॉन सुमारे 0.13 सेकंद राखला. 2012 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

दुसरी वाट जागा आवळण्याची, आणि अधिक धाडसाची. पुण्याच्या आयसर संस्थेत जी. व्ही. पवन कुमार यांच्यासोबत चांदीच्या नॅनोतारांवर काम केलेले रोहित चिक्करड्डी पुढे केंब्रिजला जेरेमी बाउमबर्ग यांच्या गटात गेले. तिथे 2016 मध्ये सोन्याचा सपाट थर, त्यावर 40 नॅनोमीटरचा सोन्याचा कण आणि मधे 0.9 नॅनोमीटरची फट अशी पोकळी तयार झाली. फटीतलं विद्युतक्षेत्र धातूपासून धातूकडे उभं धावतं, म्हणून रेणूही उभाच हवा. मेथिलीन ब्लूचा रेणू त्यांनी पिंपासारख्या पोकळ रेणूत बसवून उभा केला. धातू प्रकाश गिळतो, त्यामुळे प्रकाश काही फेम्टोसेकंदच टिकतो. तरीही जागा 40 घननॅनोमीटरहून कमी असल्याने, खोलीच्या तापमानालाच, ऊर्जा रेणू आणि प्रकाश यांच्यात मागेपुढे खेळू लागली; वर्णपटात एका शिखराची दोन शिखरं झाली.

पुण्यातही काम पुढे गेलं. पवन कुमार यांच्या गटाने सोन्याचा आरसा आणि चांदीची नॅनोतार यांच्यामध्ये टंगस्टन डायसल्फाइडचा तीन अणूंइतका जाड थर ठेवला. 2021 च्या या प्रयोगात थरातून निघणारा प्रकाश चौफेर न पसरता ठरावीक दिशांना वळला.